चोरीची कात्री

संकलन म्हटलं की अंधेरीतली वातानुकूलित खोली डोळ्यांपुढे येते. पण महाराष्ट्रात रोज जेवढं संकलन होतं, त्यातला मोठा वाटा तालुक्याच्या गावी उरकला जातो. बाजारपेठेत, फोटो स्टुडिओच्या माडीवर, ‘मिक्सिंग लॅब’ अशी पाटी लावलेल्या खोलीत. लग्नं, साखरपुडे, प्री-वेडिंग, आमदारांचे वाढदिवस, कीर्तनं, जत्रा आणि गावातल्या पोरांनी शूट केलेल्या वेब सिरीज, सगळ्यांवर तिथं कात्री चालते. लग्नसराईत या खोल्यांमधला दिवा रात्र रात्र विझत नाही. तीन कॅमेऱ्यांचं दोन दिवसांचं फुटेज, त्यातलं निम्मं हललेलं, आवाजात बँड आणि जनरेटर, आणि वर नवरीच्या मामाला ‘आमच्याकडची माणसं कमी दिसतात’ असं म्हणायला जागा ठेवायची नाही. या मुलांचे कष्ट कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही.

आता त्यांच्यातल्या कुणालाही विचारून पाहा, की बाबा, संगणकावरचं सॉफ्टवेअर विकत घेतलंस का? उत्तराऐवजी बहुधा हसू मिळेल. ‘क्रॅक मारलंय’ असं सांगताना कुणाची जीभ अडखळत नाही. टेलिग्रामवर ते मिळतं, पेनड्राइव्हवरून गावभर फिरतं, आणि संगणक जुळवून देणारा दुकानदार तर ‘एडिटिंगचं सगळं टाकून देतो’ म्हणत ते आपणहून भरून देतो. फुकट ते पौष्टिक! दुसऱ्या कुणीतरी महिनोन्‌महिने खपून तयार केलेले आणि विकायला ठेवलेले संकलनाचे कोर्सही त्याच टेलिग्रामवर चोरून वाटले जातात.

आणि हाच माणूस संध्याकाळी कट्ट्यावर काय बोलतो? गिऱ्हाईक पैसे बुडवतं. ‘पेनड्राइव्हवर टाकून तर द्यायचंय, त्याला एवढे कशाला?’ म्हणतं. शेजारच्या गावचा पोरगा निम्म्या भावात अल्बमसकट सगळं देतो. तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण जी मेहनत डोळ्यांना दिसत नाही, तराजूत घालता येत नाही, तिचे पैसे का मोजायचे, हा गिऱ्हाइकाचा सवाल आपणही सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला केव्हाच केलेला आहे. गिऱ्हाईक आपल्याशी जसं वागतं, तसंच आपण आधी दुसऱ्याशी वागलो आहोत. चोरीच्या कात्रीने काम करणाऱ्याला आपल्या कामाचं मोल ताठ मानेने मागता येत नाही. आणि आज ती कात्री चोरायला सबबही उरलेली नाही, हे मला या लेखातून सांगायचं आहे.

पूर्वी सबब होती, हे कबूल केलं पाहिजे. फिल्मच्या जमान्यात चोरण्यासारखं काही नव्हतंच. मुव्हिओला किंवा स्टीनबेक हे यंत्र कुणी खिशात घालून नेऊ शकत नाही. १९८९ मध्ये ॲव्हिडने संगणकावर चित्रपट कापायची यंत्रणा बाजारात आणली, तीही बड्या स्टुडिओंनाच झेपणारी. १९९९ मध्ये ॲपलचं फायनल कट प्रो आलं आणि भाव खाली आले, पण त्याला मॅक लागे आणि मॅक विकत घेणं म्हणजे जमिनीचा तुकडा विकणं. त्या काळात एखाद्या फोटोग्राफरने चोरीची प्रत टाकून काम शिकून घेतलं असेल, तर त्याला मी फार बोल लावणार नाही. शिकायची दुसरी वाट त्याच्यासाठी कुणी मोकळी ठेवलीच नव्हती.

ती वाट आता मोकळी आहे. १९८४ साली सुरू झालेल्या दा विंची या कंपनीची कलर करेक्शनची यंत्रणा एके काळी फक्त मोठ्या पोस्ट प्रॉडक्शन स्टुडिओंच्या नशिबी असे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी घेतली आणि पुढच्या दोन वर्षांत ‘रिझॉल्व्ह’ची एक आवृत्ती फुकट द्यायला सुरुवात केली. आज त्या फुकट आवृत्तीत संकलन, कलर ग्रेडिंग, ध्वनी आणि ग्राफिक्स सगळं आहे, आणि अल्ट्रा एचडीपर्यंतचं आउटपुट निघतं. तालुक्यातल्या लग्नाला याहून अधिक काय हवं? कंपनीने हा काही दानधर्म केलेला नाही, तिला कॅमेरे विकायचे आहेत. तिचा हेतू काही असो, आपल्याला कात्री कायदेशीर मिळाली.

रिझॉल्व्हला दमदार ग्राफिक कार्ड लागतं, आठ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर ते धापा टाकतं, हेही खरं. अशा संगणकांसाठी केडेनलाइव्ह आहे, शॉटकट आहे. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे पैसे नाहीतच आणि मूळ कोडही सर्वांना खुला. फुटेजच्या हलक्या ‘प्रॉक्सी’ फाइली करून घेतल्या की साध्या मशीनवरही काम निघतं. या दोन्हींच्या पोटात चालणारं एफएफएमपेग फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलं. मोबाइलवरचं फुटेज एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारी कितीतरी ॲप त्याच्याच जिवावर चालतात. जगभरच्या अनोळखी माणसांनी वेळ काढून हे बांधलं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. आपण मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून चोरबाजारात रांग लावतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की कंपन्याच चोर आहेत. त्यात तथ्य आहे. २०१३ मध्ये ॲडोबीने जाहीर केलं की प्रीमियरसारख्या आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे विकत मिळणार नाहीत, भाडंच भरावं लागेल. ज्याचा धंदा लग्नाच्या मुहूर्तांवर चालतो आणि पावसाळ्यात ज्याला माशा मारत बसावं लागतं, त्या स्टुडिओवाल्याला वार्षिक करार परवडत नाही. आणि भाडं थांबलं की आपणच तयार केलेली प्रोजेक्ट फाइल आपल्यालाच उघडेनाशी होते. ॲपलने तर जून २०११ मध्ये कहरच केला. फायनल कट प्रो एक्स बाजारात आणलं आणि जुनं त्याच दमात विक्रीतून काढून टाकलं. नव्यात जुने प्रोजेक्ट उघडत नव्हते, मल्टिकॅमची सोयही सुरुवातीला नव्हती. ज्यांनी आयुष्याची बारा वर्षं त्या सॉफ्टवेअरवर घडवली होती, असे व्यावसायिक संकलक जगभर संतापले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी बोचकं उचलून दुसरीकडे मुक्काम हलवला.

त्यांनी सोडून दिलं, हे लक्षात घ्या. अन्याय करणाऱ्याचा माल सोडणं हा निषेध झाला. तोच माल चोरून वापरणं हा कसला निषेध? उलट क्रॅक वापरणारा माणूस त्या कंपनीचा बिनपगारी प्रचारक असतो. तो तेच सॉफ्टवेअर शिकतो, हाताखालच्या पोराला तेच शिकवतो. मग क्लासवालेही तेच शिकवू लागतात, नोकरीच्या जाहिरातीत त्याच सॉफ्टवेअरचं नाव छापून येतं, आणि पोरगं पुण्या-मुंबईत नोकरीला लागलं की त्याचा मालक निमूटपणे कंपनीला भाडं भरतो. कंपनीचं काही बिघडत नाही. मार बसतो तो केडेनलाइव्हला. महागडं सॉफ्टवेअर खरोखर महागच राहिलं असतं, तर गावोगावच्या मुलांनी मुक्त सॉफ्टवेअर कधीच आपलंसं केलं असतं, त्यातल्या त्रुटी कळवल्या असत्या, चार जणांनी त्या दुरुस्तही केल्या असत्या. चोरीच्या प्रतीने ती गरजच मारून टाकली.

शिवाय चोरी स्वस्त पडते, हाही भ्रम आहे. क्रॅक टाकताना पहिली सूचना काय असते? अँटिव्हायरस बंद करा! घराचं दार सताड उघडं ठेवून झोपायला सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवतो. ‘स्टॉप’ या नावाने ओळखलं जाणारं खंडणीखोर सॉफ्टवेअर २०१८ पासून जगभर पसरलं ते मुख्यतः असल्याच क्रॅकमधून. ते संगणकातल्या फाइलींना कुलूप ठोकतं आणि किल्लीसाठी डॉलरमध्ये पैसे मागतं. जोडून ठेवलेली हार्डडिस्कही त्यातून सुटत नाही. सिनेमाचं फुटेज गेलं तर निर्माता कपाळाला हात लावून रिशूट तरी करील. लग्न पुन्हा लावता येत नाही, आणि त्यानंतर सहा महिन्यांत गेलेल्या आजीचा आशीर्वाद पुन्हा शूट करता येत नाही. कायद्याचा धाक दाखवून सुधारणा होते यावर माझा विश्वास नाही, पण माहिती असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालयाला सवलत देता येते. मिक्सिंग लॅब हा धंदाच आहे.

समजा उद्या सगळ्यांनी क्रॅक काढून टाकले. तरी दुसरी एक उसनवारी राहतेच. लग्नाच्या व्हिडिओसाठी तयार ‘प्रोजेक्ट’ विकत मिळतात, तेही पुन्हा चोरून फिरतात. नावं आणि फोटो बदलले की पुढचं लग्न तयार. म्हणून नांदेडची नवरी आणि वेंगुर्ल्याची नवरी एकाच ढगातून खाली उतरतात, एकाच गुलाबाच्या पाकळ्या अंगावर घेतात आणि एकाच सोनेरी चौकटीत गोल गोल फिरतात. यात संकलन कुठे आहे? कोणतं बटण कुठे आहे हे ठाऊक असणाऱ्याला आपण संकलक म्हणू लागलो, आणि मग बटणांची जागा बदलली की तो उघड्यावर पडतो.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाकडे पाहा. ‘ज्युलिया’साठी त्याने उभा मुव्हिओला वापरला, पुढे केईएम या बनावटीच्या संकलन-टेबलावर काम केलं, ‘द इंग्लिश पेशंट’ ॲव्हिडवर आणला आणि ‘कोल्ड माउंटन’ फायनल कट प्रोवर. चारही यंत्रणांवरच्या कामांसाठी त्याला ऑस्करची नामांकनं मिळाली, आणि ‘द इंग्लिश पेशंट’ हा डिजिटल यंत्रणेवर संकलित होऊन संकलनाचं ऑस्कर मिळवणारा पहिला चित्रपट ठरला. तीन वेळा कात्री बदलली, पण कुठे कापायचं याचा त्याचा निकष बदलला नाही. आपल्या पुस्तकात त्याने कटसाठी सहा कसोट्या सांगितल्या आणि त्यांना वजनंही दिली. एकट्या भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०. पडद्यावरच्या जागेचा तांत्रिक हिशेब शेवटी येतो, ५ आणि ४ टक्क्यांचा. हे आकडे काही वेदवाक्य नाहीत, त्यानेही ते अर्धे गमतीतच दिले असावेत. तरी आपल्याकडचे क्लास कोणते टक्के शिकवतात हे तपासायला ते चांगले आहेत. कोणत्याही ट्यूटोरियलमध्ये पहिली दहा मिनिटं ट्रान्झिशनवर जातात. बापाचा हात मुलीच्या डोक्यावरून खाली येताना क्षणभर थांबतो, तो क्षण टाइमलाइनवर किती ठेवायचा, हे कुणी सांगत नाही.

ते शिकायचं साहित्य आपल्याच अंगणात पडलं आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘श्यामची आई’ (१९५३) यांची ती मुदत केव्हाच संपली आहे. इंडियनसिने.मा या ऑनलाइन संग्रहात जुने भारतीय चित्रपट टाइमलाइनसकट पाहता येतात, दृश्यांवर टिपणं लिहिता येतात. ‘कुंकू’मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताऐवजी नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवली होती. प्रत्येक मिनिटाला सिनेमाचं गाणं पेरल्याशिवाय ज्याला लग्न कापता येत नाही, त्याने तो चित्रपट एकदा नुसता कानांनी बघावा. पुण्यात, ‘कुंकू’ काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथल्या मोजक्या जागांवर सगळ्यांचा नंबर लागणार नाही, पण प्रभातचे चित्रपट पाहायला प्रवेश परीक्षा लागत नाही.

आता भाषेविषयी, आणि इथे दोष आपल्या जाणत्या मंडळींचा आहे. इंग्रजीत संकलनाची माहिती समुद्राएवढी आहे, हिंदीतही भरपूर. मराठीत काय? चार-दोन उत्साही मुलं व्हिडिओ बनवतात, बाकी शांतता. कारण आपल्याकडे हातचं राखून शिकवायची जुनी खोड आहे. ‘सगळं सांगितलं तर उद्या समोरच दुकान टाकेल.’ या एका भीतीपोटी किती ज्ञान माणसांबरोबर स्मशानात गेलं असेल!

एकच उदाहरण देतो. मराठी शीर्षकं आणि सबटायटलं वर्षानुवर्षं तुटत आली आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला, जोडाक्षरांचे पाय मोडलेले, रफार तिसऱ्याच डोक्यावर. हैराण झालेले संकलक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांकडे वळले, किंवा शीर्षक दुसरीकडे चित्र म्हणून बनवून आणू लागले. प्रीमियरच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडला की बरंचसं दुखणं बरं होतं. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मुक्ता आणि बलू यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर फुकट मिळतात. ज्याला हे कळलं त्याने आपल्यापुरतं काम भागवलं आणि गप्प बसला. म्हणून आजही यूट्यूबवर विठ्ठलाचं नाव मोडक्या ‘ठ्ठ’ने लिहिलेलं दिसतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

नवी यंत्रं येताहेत ती तर भाषेवरच चालणारी आहेत. बोललेलं ऐकून मजकूर करायचा आणि मजकुरातलं वाक्य खोडलं की फुटेजही कापलं जायचं, अशी सोय आता मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आली आहे. २०२२ मध्ये खुलं झालेलं व्हिस्पर हे असं ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर मराठी ऐकतं, पण बोबडं ऐकतं. मालवणी किंवा वऱ्हाडी कानावर पडली की त्याची त्रेधा उडते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या कानावर आपली भाषा पुरेशी पडलेलीच नाही. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या उपक्रमात मराठीचं दालन आहे, कुणीही तिथं आपला आवाज देऊ शकतो. दिवसाकाठी पाच मिनिटं लागतात. भाषेच्या अभिमानाची भाषणं रेकॉर्ड करून देणाऱ्या लॅबवाल्यांना तेवढा वेळ नक्की काढता येईल.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला कुणी तयार नसतं. या खोल्यांमध्ये मुली का दिसत नाहीत? फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, त्यासाठी लागणाऱ्या कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुण्या-जोडण्यातही त्यांचा हात होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या रेणू सलुजा यांनी ‘जाने भी दो यारों’ आणि ‘परिंदा’ कापले. म्हणजे हा धंदा बायकांच्या हातून सुरू झाला, बायकांच्या हातून मोठा झाला, आणि तालुक्यात मात्र रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या, गुटख्याच्या वासाच्या खोलीत कोंडला गेला. ऑनलाइन साधनांनी ते दार आता उघडलं आहे. एक बऱ्यापैकी संगणक आणि दोन हार्डडिस्क असल्या की घरी बसून लग्नं कापता येतात. स्टुडिओवाल्यांनी फुटेज घरी पाठवायची तयारी दाखवायला हवी, आणि घरच्यांनी या कामाला ‘संगणकावरचा टाइमपास’ म्हणणं सोडायला हवं.

आणि ‘शिकायला मिळतंय ना’ या मंत्राचं काय करायचं? अठरा वर्षांचं पोरगं दोन-दोन वर्षं फुटेज कॉपी करतं, सिंक लावतं, रात्रभर रेंडर राखतं, मालकाचा चहा आणतं, आणि महिनाअखेरीला त्याला पेट्रोलपुरते सुटे मिळतात. जो सॉफ्टवेअरवाल्याची मेहनत फुकट घेतो, तोच पोराची मेहनत फुकट घेतो. हे दोन वेगळे दोष नाहीत. पूर्वी निदान असा बचाव होता की यंत्र मालकाचं, विद्या मालकाची, शिकायला दुसरी जागा नाही. आता यंत्र फुकट, विद्या खुली; मालकाकडे देण्यासारखा राहिला तो पगार, अनुभव आणि शेवटच्या पाटीवर त्या पोराचं नाव. तेही देणार नसाल तर ते पोरगं समोर दुकान टाकेल, आणि त्याचं बरोबर असेल.

येत्या पावसाळ्यात, हाताला काम कमी असेल तेव्हा, गेल्या सीझनचं एक लग्न रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्हवर नव्याने कापून पाहा. तयार प्रोजेक्ट न वापरता. जिथं अडेल ते लिहून ठेवा, जसं सुटेल तसं मराठीत रेकॉर्ड करून सगळ्यांसाठी उघडं टाका, समोरच्या दुकानदारासाठीसुद्धा. जमलं की संगणकावरचा क्रॅक काढून टाका. त्याला पुढच्या लग्नसराईपर्यंत मुदत देऊ नका. आणि हाताखाली जे मूल शिकतंय, मुलगा असो की मुलगी, त्याचा पगार या महिन्यापासून सुरू करा.